सायकलपथ निसर्गरम्य, पण जातो कुठे?

(विशेष प्रतिनिधी)

मुंबई : रविवारी सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी भाड्याने सायकली घेणाऱ्यांची लगबग असते. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा पाच-सहा किलोमीटरचा चढाचा डांबरी रस्ता, दुतर्फा झाडी, मधूनच रस्ता ओलांडणारी माकडे. महानगराच्या हद्दीत राहूनही महानगराचा विसर पडावा, असा हा मार्ग आहे. नेमक्या त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाववाल्याची, दूधवाल्याची आणि वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलाची सायकल गल्लीबोळांतून फिरत असते. थोड्या वेळाने डबेवाल्यांच्या सायकली रेल्वे स्थानकांबाहेर उभ्या राहतील. हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकवून त्या बस, टॅक्सी आणि मोटारसायकलींच्या गर्दीत घुसतील. सायकल एकच, पण एकीचा रस्ता आनंदाचा आहे आणि दुसरीचा पोटाचा.

गेल्या दीड दशकात मुंबई आणि परिसरात सायकलपथांच्या ज्या योजना जाहीर झाल्या, त्यातील बहुतेक पहिल्या प्रकारच्या सायकलस्वाराला समोर ठेवून आखल्या गेल्या. तलावाकाठी, जलवाहिनीशेजारी, समुद्रालगत, म्हणजे जिथे डोळ्यांना हिरवे किंवा निळे दिसेल तिथे. या योजनांतील एक न्यायालयाने रद्द ठरविली, एक विस्थापितांच्या प्रश्नाशी कायमची जोडली गेली, एक मोटारींना जागा करून देण्यासाठी मोडीत काढण्याचा निर्णय झाला आणि एक अलीकडेच नागरिकांसाठी खुली झाली. या चारही अनुभवांचा एकत्रित विचार केल्यास सायकलपथाचे यश त्याच्या देखणेपणावर अवलंबून नसते, हे स्पष्ट होते. मग ते कशावर अवलंबून असते, हा खरा प्रश्न आहे.

पवईचा धडा

पवईचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधून पूर्ण झाला. त्याचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही; ते औद्योगिक आणि तत्सम कामांसाठी जाते. तलावात मगरींचा अधिवास आहे, काठच्या दलदलीत पाणपक्षी असतात आणि एका बाजूला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे आयआयटीचा, विस्तीर्ण परिसर आहे. या तलावाभोवती सुमारे १० किलोमीटर लांबीचा सायकल व जॉगिंग मार्ग बांधण्याचे काम मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये हाती घेतले. तारेच्या जाळीत दगड रचून केलेल्या, म्हणजे 'गॅबियन' पद्धतीच्या, बांधकामातून पाणी झिरपू शकते, त्यात काँक्रीट नाही, त्यामुळे तलावाला धोका नाही, असा पालिकेचा दावा होता.

पर्यावरणप्रेमींनी हा दावा मान्य केला नाही. आयआयटीतील संशोधक विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाला अंतरिम स्थगिती मिळाली आणि ६ मे २०२२ रोजी मुख्य न्यायाधीश दीपंकर दत्ता यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने हा प्रकल्प बेकायदा ठरविला. झालेले बांधकाम काढून टाकून जागा पूर्ववत करावी, असा आदेशही दिला. निर्णयाच्या मुळाशी २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम होते. पाणथळीच्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी स्वरूपाचे बांधकाम करण्यास हे नियम मनाई करतात. अपवाद आहे तो केवळ नौकांच्या धक्क्याचा.

पवई हा मानवनिर्मित तलाव असल्याने तो या नियमांच्या कक्षेत येत नाही, हा पालिकेचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना नियमांतून वगळले आहे, हेही खरे. तथापि देशातील दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना याच तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश न्यायालयाने महत्त्वाचा मानला. येथे सायकलस्वार हरला आणि मगर जिंकली, अशी मांडणी त्या वेळी काहींनी केली. ती चुकीची आहे. निसर्गाचा आनंद घेण्यासाठी निसर्गाचीच जागा व्यापण्याची गरज आहे काय, एवढाच प्रश्न न्यायालयासमोर होता. तलावाच्या काठावरून वीस पावले मागे सरकून, आधीच अस्तित्वात असलेल्या रस्त्याची रुंदी नव्याने वाटून घेतली असती, तर मार्ग थोडा कमी रम्य झाला असता. पण कदाचित आज वापरात असता. रस्त्यावर जागा मागायची तर मोटारींकडून मागावी लागते. पाणथळीकडून जागा घेणे प्रशासनाला सोपे वाटले, कारण पाणथळ जागा तक्रार करीत नाही.

जलवाहिनी, झोपड्या आणि 'हरित वारी'

तानसा धरण १८९२ चे. तेव्हापासून या जलाशयाचे पाणी प्रचंड व्यासाच्या वाहिन्यांमधून मुंबईत येते. या वाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला अशा दाट वस्तीच्या भागांतून जातात. त्यांच्या दोन्ही अंगांना अनेक वर्षांत झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या. जलवाहिनीच्या सुरक्षेचा मुद्दा जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात गेला आणि वाहिनीपासून १० मीटर अंतरातील बांधकामे हटविण्याचे आदेश २००९ मध्ये झाले. कारवाई पुढे टप्प्याटप्प्याने होत राहिली. मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये, म्हणून तिथे ३९ किलोमीटरचा सायकल व जॉगिंग मार्ग करण्याची कल्पना पुढे आली. 'हरित वारी जलतीरी' हे तिचे नाव.

नियोजनाच्या कसोटीवर ही योजना पवईपेक्षा कितीतरी सरस होती, हे मान्य करावयास हवे. मुलुंडपासून धारावीपर्यंत आणि घाटकोपरपासून शीवपर्यंत जाणारा हा पट्टा उपनगरातील अनेक रेल्वे स्थानकांच्या जवळून जातो. मोटारींपासून तो पूर्णतः अलग आहे आणि जमीन एकाच यंत्रणेच्या ताब्यात आहे. घरापासून स्थानकापर्यंतचा दोन-तीन किलोमीटरचा प्रवास, ज्यासाठी आज मुंबईकर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, तो सायकलने करण्याची खरी संधी या मार्गात होती.

जगात अशा पट्ट्यांचा उत्तम उपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उपनगरांतून जाणारा 'वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन' मार्ग हे त्यातील ठळक नाव. १९६८ मध्ये बंद पडलेल्या एका लोहमार्गाच्या जागेवर, उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांच्या खालून, सुमारे ७२ किलोमीटरचा पक्का मार्ग तेथे टप्प्याटप्प्याने तयार झाला आणि १९८८ मध्ये तो पूर्णत्वास गेला. राजधानीच्या सीमेवरील दाट वस्तीतून निघून हा मार्ग थेट ग्रामीण भागातील पर्सेलव्हिल या गावापर्यंत पोहोचतो. त्यावर सुटीला फिरणारे आहेत आणि कामावर जाणारेही आहेत. मार्ग सलग आहे आणि त्याची देखभाल प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाकडे आहे. रेल्वे किंवा वीज यांसारख्या रुक्ष सेवेसाठी राखलेली अरुंद, लांबलचक जमीन ही सायकलीसाठी देणगी ठरू शकते, हे या उदाहरणाने दाखविले. तानसाची जमीन त्याच जातीची आहे.

फरक आहे तो जमिनीच्या इतिहासात. वॉशिंग्टनजवळ रूळ उखडले गेले होते. मुंबईत घरे उखडली गेली. जलवाहिनीलगतच्या हजारो कुटुंबांना माहुल येथील प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत पाठविण्यात आले. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी असलेल्या या परिसरातील हवेच्या प्रदूषणाबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच गंभीर निरीक्षणे नोंदविली होती. श्वसनाचे आणि त्वचेचे विकार, शाळा व रोजगारापासून तुटलेपण यांच्या तक्रारी घेऊन रहिवाशांनी २०१८ मध्ये विद्याविहार येथे जलवाहिनीच्या शेजारीच आंदोलन आरंभिले. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगून पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ही कुटुंबे सायकलपथासाठी हटविली गेली नाहीत. शहराच्या पाण्याच्या सुरक्षेसाठी हटविली गेली. लाखो लोकांना पाणी पुरविणाऱ्या वाहिनीला चिकटून वस्ती असणे हे त्या वस्तीलाही धोक्याचेच होते. परंतु ज्यांचे घर गेले, त्यांच्या दृष्टीने या कारणमीमांसेला फारसा अर्थ नाही. आपल्या घराच्या जागी कुणाच्या तरी सकाळच्या व्यायामाची सोय होत आहे, हे त्यांना दिसते. योजनेच्या नावातील 'वारी' या शब्दाला महाराष्ट्रात विशेष अर्थ आहे. वारीत सर्वांना जागा असते. जलतीरावरील या वारीत तिथल्या मूळ रहिवाशांची जागा कोणती, याचे उत्तर योजनेच्या आराखड्यात नव्हते.

वांद्रे-कुर्ला संकुल : उद्घाटन ते उच्चाटन

वांद्रे-कुर्ला संकुलात ना तलाव होता, ना झोपड्या हटविण्याचा प्रश्न. रुंद रस्ते, आखीव पदपथ आणि कार्यालयांत काम करणारी मोठी लोकसंख्या, असे सायकलीस अनुकूल वातावरण होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, २०११ च्या सुमारास तेथे सुमारे १३ किलोमीटरचे सायकलपथ केले. देशाच्या आर्थिक राजधानीला शोभेल असे हे पाऊल असल्याचे तेव्हा सांगितले गेले. थोड्याच काळात या पथांवर मोटारी उभ्या राहू लागल्या. सायकलस्वार दिसेनासा झाला आणि 'मुंबईकर सायकल चालवीत नाही' हा निष्कर्ष काढून यंत्रणा मोकळी झाली. २०२५ मध्ये हे पथ काढून ती जागा वाहनांच्या मार्गिकेसाठी वापरण्याचा निर्णय एमएमआरडीएने जाहीर केला.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. संकुलात येणारा बहुसंख्य कर्मचारी वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर लोकलमधून उतरतो. सायकलपथ मात्र संकुलाच्या हद्दीत सुरू होत होता आणि तेथेच संपत होता. स्थानक ते संकुल हा प्रवासाचा सर्वांत त्रासदायक भाग. नेमक्या त्याच भागात पथ नव्हता. तळमजल्यावर आणि पाचव्या मजल्यावर जिना आहे, मधल्या मजल्यांवर नाही, अशी ही रचना. अशा जिन्याचा कोणी वापर करीत नाही म्हणून लोकांना वर जायचेच नाही, असे म्हणता येईल काय? २०२० मध्ये याच संकुलात भाड्याने मिळणाऱ्या विजेवरील छोट्या दुचाकींची सेवा सुरू झाली, तेव्हा स्थानक आणि कार्यालय यांमधील अंतर कापण्यासाठी लोकांनी ती वापरली. गरज होती, ती भागविणारा मार्ग नव्हता.

आता या मार्गिकेचा लाभ मोटारींना मिळेल. वाहतूक काही काळ सुरळीतही होईल. परंतु जास्त रुंदीचा रस्ता जास्त वाहने खेचून घेतो, हा जगभरातील शहरांचा अनुभव मुंबईला अपवाद करील, असे मानण्यास आधार नाही. '२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्यावरील जागेचे वाटप वाहने नव्हे तर माणसे डोळ्यांसमोर ठेवून व्हावे', हे तत्त्व स्वीकारले, त्याला आता दोन दशके होत आली. धोरण कागदावर कायम आहे; रस्त्यावर त्याच्या उलट घडत आहे.

समुद्रकिनारी नवा प्रयोग

या पार्श्वभूमीवर मुंबई किनारी रस्त्यालगतच्या विहारपथाकडे पाहावे लागेल. सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चाच्या या रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. प्रियदर्शिनी पार्क ते वरळी अशा सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या विहारपथापैकी सुमारे सव्वापाच किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकांसाठी खुला करण्यात आला. समुद्राला लागून इतकी सलग, मोकळी, सार्वजनिक जागा मुंबईत सहसा मिळत नाही. संध्याकाळी तेथे होणारी गर्दीच तिची गरज सांगते. ज्या शहरात मैदाने आणि बागा आक्रसत चालल्या आहेत, तेथे विनातिकीट समुद्रकाठ ही लहान गोष्ट नव्हे.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली म्हणजे, समुद्रात भराव घालून तयार केलेल्या सुमारे १११ हेक्टर जमिनीवर हे सारे उभे आहे आणि त्या भरावाची झळ वरळीच्या मच्छीमारांना पोहोचल्याची त्यांची तक्रार जुनी आहे. दुसरी म्हणजे, शेजारच्या मुख्य रस्त्यावर दुचाकी आणि सायकल यांना मज्जाव आहे. सायकलस्वाराने काठाकाठाने फिरावे, समुद्र पाहावा आणि परत जावे. शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जलद जाण्याची सोय मात्र मोटारवाल्यांसाठी राखीव, अशी ही विभागणी आहे. शिवाय विहारपथावर पोहोचण्यासाठी भुयारी मार्गांचा वापर करावा लागतो आणि तेथवर सायकल आणायची ती पुन्हा त्याच वर्दळीच्या रस्त्यांवरून. त्यामुळे अनेकजण सायकल मोटारीला बांधून आणतील आणि मोटार उभी करण्यासाठी जागा शोधतील. सायकलपथामुळे मोटारींच्या फेऱ्या वाढाव्यात, याहून मोठा विरोधाभास कोणता?

हैदराबादनेही हाच मार्ग चोखाळला. तेथील बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरचा, सौरपट्ट्यांचे छप्पर असलेला सायकलपथ ऑक्टोबर २०२३ मध्ये खुला झाला. साडेचार मीटर रुंद मार्ग, डोक्यावर सावली आणि त्याच सावलीतून १६ मेगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती. कल्पकतेबद्दल या प्रकल्पाला दाद द्यावीच लागेल. दख्खनच्या उन्हात सायकल चालविणाऱ्याला सावलीचे मोल सांगावे लागत नाही. तथापि तोही शहराच्या कडेला आहे. शहराच्या पोटातील सायकलस्वाराला त्याने काही दिले, असे म्हणता येत नाही.

कसोट्या तीन

या सर्व अनुभवांतून तीन कसोट्या निघतात. पहिली : मार्ग कोठून निघतो आणि कोठे पोहोचतो? स्थानक, शाळा, बाजार, कार्यालय यांपैकी किमान दोन ठिकाणे तो जोडत असेल, तरच तो सोमवारीही वापरला जाईल. दुसरी : त्यासाठी जागा कोणाची घेतली? पाणथळीची, झोपडीवासीयांची, मच्छीमारांच्या समुद्राची, की मोटारींच्या वाट्याची? आजवरचा कल पहिल्या तिघांकडे झुकलेला आहे. तिसरी : उद्घाटनानंतर जबाबदार कोण? मुंबईत तर मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. पथावर उभी राहिलेली मोटार, उखडलेला पृष्ठभाग, बंद पडलेले दिवे यांबद्दल नागरिकाने जाब विचारावा तरी कोणाला?

निसर्गरम्य मार्ग नकोत, असा याचा अर्थ नाही. लहान मूल पहिल्यांदा तोल सावरायला शिकते ते अशाच निर्धोक जागी. साठीतील गृहस्थ पुन्हा सायकलवर बसण्याचे धाडस करतात तेही तेथेच. रविवारचा सायकलस्वार हा उद्याचा रोजचा सायकलस्वार होऊ शकतो. पण त्यासाठी रम्य मार्गाचे टोक रोजच्या रस्त्याला जोडलेले असावे लागते. तानसाच्या पट्ट्यात ती शक्यता अजूनही आहे. विस्थापितांचे पुनर्वसन मार्गी लावणे, स्थानकांना जोडणारे छोटे फाटे आधी बांधणे आणि मुख्य पट्टा नंतर सुशोभित करणे, असा क्रम ठेवल्यास हा मार्ग साऱ्या देशाला दाखविता येईल असा होऊ शकतो. आजवर क्रम नेमका उलटा राहिला आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यात ४ हजार ८३६ सायकलस्वार होते. म्हणजे दररोज सरासरी तेरा. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटारसायकल वा स्कूटर २१ टक्के कुटुंबांकडे. इतकी कुटुंबे केवळ हौसेखातर सायकल बाळगीत नाहीत. त्यांतील अनेकांच्या घरात ते एकमेव वाहन असते आणि ते चालविणारा बहुधा घरातील कमावता असतो.

तलावाकाठच्या, समुद्राकाठच्या सायकलपथाचे छायाचित्र देखणे येते. उद्घाटनाच्या फलकासाठी ते उपयोगी पडते. स्थानकाबाहेरच्या दोन किलोमीटरच्या साध्या, सावलीच्या, मोटारींपासून संरक्षित पट्टीचे छायाचित्र कोणी काढणार नाही. पण कॅरिअरवर डब्यांचा भार घेऊन निघालेला माणूस त्या पट्टीवरून संध्याकाळी सुखरूप घरी परतेल. शहराने सायकलीसाठी काय केले, याचा हिशेब रविवारी सकाळी मांडायचा की सोमवारी संध्याकाळी, हे आता ठरवावे लागेल.